चंद्रिकेची ओंजळ

सहीच्या जागी दिग्दर्शिका इफ्राने पेन्सिलीने फुली करून दिली होती. तरीही हेमावतीबाईंनी पेनाचे टोपण तिसऱ्यांदा लावले आणि चित्रपटाच्या संमतिपत्राची घडी केली. आधी चित्रण पाहते, मग ठरवते, असे त्यांनी सांगितले.

समोरच्या मैदानात चित्रणासाठी संमती कट्टा उभा राहिला होता, यात्रेत देवाच्या लग्नाची मंगलवचने म्हणजे संमती वाचतात तो. पंचावन्न वर्षांपूर्वीची गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वरांच्या लग्नाला जमलेली गर्दी, आणि त्या गर्दीत कवी शिवयोगींना पहिल्यांदा दिसलेली चंद्रिका. चित्रपटाचे नावही तेच होते.

शिवयोगी हे हेमावतीबाईंचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या प्रत्येक प्रेमकवितेत चंद्रिका होती. हेमावती एकाही ओळीत नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने विचारले होते, ही कोण म्हणून. ते हसून म्हणाले, "ओळख बघू." ती थट्टा तिला झोंबली. तिने पुन्हा विचारले नाही आणि त्यांची कविताही पुन्हा वाचली नाही. ज्यांनी आपण होऊन स्थळ पाठवले, त्यांच्या मनात दुसरीच कोणी असावी, हे कोडे तिने संसारभर सोसले. ट्रंकेतली त्यांची डायरी तिने न उघडताच इफ्राच्या हाती दिली होती. इफ्रा दिग्दर्शिका असली तरी विजापूर वेशीतली, इथलीच पोर.

शेजारी चित्रणातल्या गर्दीत उभ्या राहायला आलेल्या बजाबाई अंबाडा सावरत होत्या. त्यांनी विचारले, "आजी, तुमचं काम कोण करतंय पिच्चरमदी?"

"कुणी न्हाय. आमच्या लग्नाच्या आधीच संपतंय की ते."

बजाबाई हसल्या. हेमावतीबाईंना हसू आले नाही. त्या खुर्चीत नुसत्या चुळबुळत होत्या. घडी घातलेला कागद घामाने मऊ पडला होता.

चित्रण सुरू झाले. कट्ट्यावर संमती वाचली जाऊ लागली. चंद्रिका झालेल्या नटीने घाई केली. शेवटचे शब्द यायच्या आधीच तिने सगळ्या अक्षता उधळून टाकल्या. खरा गजर झाला, हजार हात उंचावले, आणि ती रिकाम्या हाताने ओशाळून उभी राहिली. तेवढ्यात मागून तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. तिच्या उजव्या तळव्यावर त्याने आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता ठेवल्या.

हेमावतीबाई उठल्या. पेन खाली पडले. कोणी अडवायच्या आत त्या थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

चित्रण थांबले. इफ्रा धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. सही आता मिळत नाही, हे तिने मनाशी धरलेच होते.

"आजी, यातलं काही मी रचलेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "डायरीत असंच आहे. तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, असं लिहिलंय त्यांनी."

हेमावतीबाई त्या नटीच्या तळव्याकडे पाहत होत्या.

"डावा हात पुढं करायला सांग तिला," त्या म्हणाल्या. "उजव्या हातानं मी मावशीचा पदर धरला होता."