बाकावरचा पोट्टा

"बाई, इथून काय दिसते तुमाले? मधात सरका ना," जमुना म्हणाली.

चतुराबाई हलली नाही. पडद्याच्या अगदी कडेला ती पाय पसरून बसली होती. "मले इथंच बरं आहे," ती म्हणाली.

अठ्ठावन्न साली कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. पडदा तंबूच्या मधोमध. पुढून पुरुष बघत, मागून बाया. मागून चित्र उलटं दिसे, पण बायांची तक्रार नव्हती. चित्र इंग्रजी, म्हणून पुरुषांच्या बाजूला कडेला सहदेव भोंगा घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते वऱ्हाडीत सांगे. बायांना तो दिसत नसे. आवाज तेवढा कापडातून येई. जमुना बायांच्या दारावर तिकिटं फाडायची.

सिनेमा बर्फावरच्या हॉकीचा होता. एका लहानशा देशाचा संघ. कोणी पाववाला, कोणी लोहार, कोणी शाळामास्तर. पायांत सुऱ्या बांधून बर्फावर घसरत खेळायचं. दरवर्षी मार खाऊन परतणारे हे लोक यंदा मोठ्या देशांशी भिडायला निघाले होते.

"पाहा, पाहा! चिखलात बैल घसरावा तसे घसरून राहिले आपले गडी!" सहदेव ओरडे आणि तंबू हसे.

त्या संघात एक राखीव पोरगा होता. बाकाच्या टोकाला बसलेला. त्याला कोणी खेळायला घेत नसे.

पहिल्या दिवशी चतुराबाई पाय दुखतात म्हणून जरा टेकायला आत आली होती. मग रोज येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं पडद्यातून विचारलं, "काहून रे भाऊ, त्या पोट्ट्याच्या घरी कोनी नाही काय?"

बाया फिदीफिदी हसल्या. भोंगा जरा थांबला. मग आवाज आला, "आहे ना, बाई. माय आहे, बाप आहे. बाप म्हने, खेळतमाशानं पोट भरत नाही. वावरात चाल, नाही तर तोंड दाखवू नको. तर हा निघून आला."

"बर्फात कायचं वावर वं?" एक जण म्हणाली. पुन्हा हशा.

जमुनाला नवल वाटलं. याआधी चांदूर बाजारच्या मुक्कामात सहदेवच्या सांगण्यात या पोराला बाप नव्हता. मायही नव्हती.

तेव्हापासून रोज काहीतरी विचारणं सुरू झालं. "जेवते काय रे तो? कोन रांधते त्याले?"

"हातानं थापते भाकर. करपते थोडी."

मालक शेषराव वैतागला. "त्या बुढीले उद्या आत घेऊ नको. लोक सिनेमा पाहाले येतात का तिची चौकशी आयकाले?"

"उद्या शेवटचा खेळ आहे, मालक. बसू द्या बिचारीले," जमुना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सहदेवकडे गेली. तो तंबूचा दोर ताणून बांधत होता.

"भाऊ, तिचं पोरगं गेलं असन कुठीतरी. सिनेमातल्यालेच आपलं समजून बसली. आज त्याले घरी पोचवून दे. तेवढंच तिले समाधान."

"सिनेमात तो घरी जात नाही, जमुनाबाई. मॅच जिंकतात अन् संपते."

"तू सांग ना! भोंगा तुझ्या हाती आहे."

सहदेवनं बांधलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली. "संगं कोनी असते तिच्या?"

"नाही. एकटीच येते."

तो पुढच्या खुंटीकडे वळला.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. शेवटच्या सामन्यात एक खेळाडू जखमी झाला आणि बाकावरच्या पोराला आत बोलावलं. त्यानंच शेवटचा गोल मारला. पुढे पुरुष टोप्या उडवत होते, मागे बाया उभ्या राहून ओरडत होत्या. पडद्यावर तो पोरगा एकटाच बाकावर बसून पायातल्या सुऱ्या सोडत होता.

चतुराबाई मात्र बसलीच होती. तिनं पडद्याच्या कापडावर हात ठेवला. "आता तरी घरी जाईन ना रे तो?"

हो म्हण, जमुनाच्या मनात आलं.

"जावं तर वाटते त्याले, बाई," भोंग्यातून हळू आवाज आला. "पन बाप उंबऱ्यात उभा असन. कोनत्या तोंडानं जाईन?"

"उंबऱ्यात कोनी नाही आता," चतुराबाई म्हणाली. "बाप मागच्या दिवाळीत गेला. जाईपर्यंत त्याचंच नाव घेऊन राहिला होता."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. जमुना तिच्याजवळ बसली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, सिनेमा आहे हो हा."

पडद्यावर लोक झेंडे नाचवत होते. त्यातलं काहीच कोणी सांगत नव्हतं. पुरुषांकडून शिट्ट्या आल्या, शेषराव ओरडला, "सहदेव, बोल ना बे!"

मग भोंगा खरखरला आणि साऱ्या तंबूला ऐकू आलं,

"बाबा गेले काय वं, माय?"