टाकी दाखवताना

सकाळी समुद्र, दुपारी द्राक्षमळे, संध्याकाळी डोंगर. एका दिवसात अख्खं राज्य दाखवायचा हा उद्योग गाइडबाई सहा वर्षं करत होती. समुद्र उरकला होता. आता बावीस प्रवासी वाइनच्या कारखान्यात सिमेंटच्या टाकीभोवती जमले होते, आणि टाकीच्या तोंडाशी, शिडीवर एक पाय टाकून, तिथेच कामाला असलेला तिचा नवरा उभा होता.

वाइन काढून घेतली की तळाशी द्राक्षांचा चोथा उरतो. माणूस आत उतरून फावड्याने तो कसा काढतो, हे पाहायला पाहुण्यांना फार आवडतं. गाइडबाईने नेहमीसारखी घडाघडा माहिती दिली. गेल्या हंगामात तिचा धाकटा दीर याच टाकीत उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर, एवढं मात्र गिळलं. चोथ्यातून सुटणारा, श्वास कोंडणारा वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उतरण्याआधी पेटती मेणबत्ती दोरीला बांधून खाली सोडायची, ती विझली तर उतरायचं नाही, ही इथली जुनी रीत.

आज मेणबत्तीचा पत्ता नव्हता. तिने कारखान्याच्या मॅनेजरला हळूच विचारलं. पाहुण्यांसमोर तो प्रकार नको, लोक नाही नाही ते विचारत बसतात, असं तो तोंडभर हसत म्हणाला. शिवाय अजून डोंगर गाठायचे होते. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. सहलीची बस काय, कारखाना काय, दोघांचा मालक एकच होता.

त्याने दुसरा पाय शिडीवर टाकला.

"अहो, उतरू नका," ती म्हणाली. "आधी मेणबत्ती."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मॅनेजर जवळ आला. हसू तसंच ठेवून पुटपुटला, "बाई, उद्यापासून येऊ नका."

"बरं. आजचं काम तरी पुरं करू द्या."

तिने खिडकीतलं खोकं उचकून मेणबत्ती काढली, पेटवली, दोरीला बांधली. घाईत गाठ दोनदा सुटली. मेणबत्ती पुरुषभरही खाली गेली नसेल, तोच ज्योत विझली.

नवरा शिडीवरून मागे सरला आणि टाकीला टेकून मटकन खाली बसला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून एका बाईंनी मोबाइल उंच धरला.

"परत एकदा करता का? माझं शूटिंग राहिलं."