अजमतबीचं ताट

"अडतीस किलो आठशे," पाशा म्हणाला आणि भुसार दुकानाच्या काट्याकडं पुन्हा वाकून बघितलं. "चाची, गेल्या जुम्म्याला तर चाळीसला दोनशेच कमी होत्या तुमी. सून जेवू घालीना की काय?"

अजमतबी हसत काट्यावरून उतरली. तरन्नुम हसली नाही. कडेवरच्या चार महिन्यांच्या फराजनं तिची ओढणी तोंडात कोंबली होती, तीही तिनं सोडवली नाही.

सासूच्या गालात कॅन्सरची गाठ. सोमवारपासून बीडला रेडिएशन. डाएटच्या मॅडमनी तीन-तीनदा बजावलं होतं, "वजन उतरू देऊ नका. एकदा रेडिएशनचे लाईट सुरू झाले की घास गिळवत नाही. आत्ता अंगावर जे चढेल त्यावरच पुढचे दीड महिने काढायचेत." चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा साचासुद्धा मापानं केलेला. गाल आणखी बसले की साचा सैल, मग नवा साचा, नवी तारीख. गाठ काही तारखेसाठी थांबणार नव्हती.

घरी येऊन तरन्नुमनं दोन अंडी कुस्करली, मऊ खिचडीवर तूप सोडलं, शेंगदाण्याचं कूट घालून खीर केली. बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं तिनं या एका ताटात ओतलं होतं. ताट रोज साफ होऊन बाहेर यायचं. आणि वजन खाली, आणखी खाली. डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

"अम्मी, आज माझ्यासमोर खा."

"रमजान हाय, तरन्नुम. तिकडं पडवीत शेजारची गरीब अनिसा गोधडी शिवत बसलीय. सकाळधरनं पाण्याचा घोट न्हाई तिच्या पोटात. आन मी तिच्यादेखत मचमच तोंड हलवू? ठेव तिथं. जाताना दार लोट."

तरन्नुमनं दार लोटलं. जरा जोरातच.

नवरा तौसीफ वडवणीच्या बाजारात केळी विकून परतला, तेव्हा ती त्याच्यावरच उखडली. "अम्मी चोरून रोजा धरतायत. दुसरं काय असणार?"

"तू बी ना! बीमार माणसावर चोरीचा इल्जाम?" तो टोपी काढून बसला. "मौलानांनी तिच्या तोंडावर सांगितलंय, तुला रोजा माफ. एकेका रोज्याच्या बदल्यात एका गरिबाचं जेवण द्यायचं. तीसही दिवसांचं धान्य मी पहिल्याच दिवशी पोचवलं. तिला म्हाईत हाय की."

"मग वजन जातं कुठं?"

"आजारानं जातंय," तो हळूच म्हणाला. तेच तिला ऐकायचं नव्हतं.

रोजा तिचाही नव्हता. पहिल्या दिवशी ती पहाटे सहेरीच्या जेवणाला उठली, तर अजमतबीनंच तिला परत झोपवलं होतं. "अंगावरचं दूध आटंल. लेकरू उपाशी मारतीस काय?" तरन्नुमनं वाद घातला नाही. दूध पाजणारीनं सुटलेले रोजे पुढं सवडीनं धरायचे असतात, तसे ती धरणार होती.

शनिवारी सकाळी तिनं झोपलेल्या फराजला सासूपुढं धरलं. "याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. रोजा धरताय?"

अजमतबीनं तत्काळ हात ठेवला. "न्हाई धरत. खुदाकसम." डोळ्यांत कसली लपवाछपवी नव्हती. तरन्नुम आणखीच चिडली. सासू खोटं बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुपारी तिनं नेहमीसारखं ताट ठेवलं, दार लोटलं, फराजला घेऊन निघाल्यासारखं केलं आणि मागच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

अजमतबीनं खिरीचे दोन चमचे कसेबसे गिळले. मग अनिसाला खुणेनं आत बोलावलं. अंडी, खिचडी, उरलेली खीर, सगळं तिच्या डब्यात ओतलं. ताटात पाणी घालून बोटानं फिरवलं आणि तेच पाणी पिऊन टाकलं.

तरन्नुम वळसा घालून आत शिरली. अनिसाच्या हातातलं झाकण खणकन खाली पडलं.

"मला न्हाई ठावं गं बाई," अनिसा चाचरली. "इफ्तारला ने म्हणल्या. तुझ्याच नावानं देतात की रोज! मला वाटलं, तूच..."

"माझ्या नावानं?" तरन्नुमचा आवाज चिरकला. "म्हणजे खापरही माझ्याच डोक्यावर?"

अनिसा डबा तिथंच ठेवून निघून गेली.

"अम्मी, सोमवारी परत पाठवतील आपल्याला! गाठ वाढतीय, कळतंय का? मी रोज चुलीपुढं मरते, आणि तुम्ही हे असं..."

"वरडू नको. लेकरू दचकतंय."

"का करता असं? बदल्याचं जेवणच ना हे? अहो, ते तौसीफनी दिलंय! तीसही दिवसांचं, पहिल्याच दिवशी!"

अजमतबीनं डब्यावर झाकण नीट बसवलं. दुखऱ्या गालामुळं शब्द अर्धेच उमटत होते.

"त्यानं माझ्या रोज्यांचं दिलं, बेटी. तुझ्या रोज्यांचं कुणी दिलंय?"