मैनेची शर्यत

मोबाईलवर घोड्या फाटकात उभ्या राहिल्या, तशी नानाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अनसिंगातली निम्मी आळी त्यांच्या ओसरीवर लोटली होती. शेजारचा धम्मरत्न आपला मोबाईल घेऊन, दुकान बंद करून आला होता. आळीतल्या कुणाचं घोड्यांशी देणंघेणं नव्हतं, पण ऐकून ऐकून मैना आता आळीचीच लेक झाली होती.

"तुमची कोणती, नानाजी?"

"पाचवी. कपाळावर पांढरं हाये ते."

नानाजी मुंबईच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, अंग चोळणं, सगळं त्यांच्याकडे. मैना कोवळी पोर होती तेव्हा त्यांच्या हाती आली आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. वय झालं म्हणून ते सहा महिन्यांपूर्वी गावी परतले. पण तिच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा. पहाटे जाग आली की हात अजून घोडं घासायचा खरारा शोधायचे.

शर्यतीचा इतिहास त्यांनी आळीला पाठ करून दिला होता. इंग्रजांच्या वेळेपासूनची शर्यत, फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची आणि त्यातही माद्यांची. म्हणजे आयुष्यात एकदाच पळायचं. नानाजींच्या हातच्या दोन जिंकल्या होत्या. जिंकलेलीला हार घालतात, फोटो काढतात आणि पैदाशीसाठी कुठल्या कुठे दूर नेतात. त्या दोघी पुन्हा दिसल्या नाहीत, हे सांगताना ते डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे. ऐकणाऱ्यांना तो अभिमान वाटायचा.

मैनेसाठी ते अनवाणी पोहरादेवीला जाऊन नवस बोलून आले होते. त्यांच्या बायकोनं, रंगूबाईनंही सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं.

शर्यत सुटली. मैना पहिल्यापासून पुढे. शेवटच्या वळणावर आळी उठून उभी राहिली. नानाजी तेवढे डोळे गच्च मिटून बसले होते, ओठ हलत होते.

मग मैना दमली. एक घोडी पुढे गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. ती शेवटची आली.

धम्मरत्नानं नानाजींच्या खांद्यावर हात ठेवला. देवीनं यंदा ऐकलं नाही, एवढंच तो हळूच म्हणाला.

नानाजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडून मोबाईल घेतला आणि मैनेच्या मालकाला फोन लावला.

"सेठ, हरली तं घेऊन जाय, म्हणले होते तुमी मले. आजच निघून राह्यलो मी."