विठूची संकष्टी

लांज्याकडची शेवटची गाडी गेली, हे विठूला कळलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. बोटीला उशीर झाला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि रत्नागिरीत ओळखीचं कुत्रंही नव्हतं. झावळ्यांवर अर्धा चंद्र होता. बाजारात गॅसबत्त्या पेटत होत्या. समोशांच्या, सरबताच्या दुकानांपुढे माणसं नुसतीच बसली होती. खात कोणीच नव्हतं.

“अजान होऊ दे, मग बघ गंमत,” शेजारून आवाज आला. पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे त्याच्या ट्रंकेकडे बघत होते. आंब्याचे दलाल अहमदचाचा. “कुठे जायचं बाबा?”

“सासुरवाडीला. केरू मांडवकरांकडे. मुंबईत खोली मिळाली, आता राहीला न्यायला आलोय.”

“केरूभाऊंचा जावई तू? अरे, त्यांच्या बागेचा माल माझ्याकडंच येतो! चल घरी. रोज्याच्या दिवसांत मुसाफिराला उपाशी सोडला तर मैमुना मला घरात घ्यायची नाय.”

विठू एक पाऊल मागे सरला. सासरा कसला, जमदग्नीच तो! लग्नाच्या मांडवातच त्याने बजावलं होतं, “परक्या जातीच्या घरचं पाणी प्यायलास असं कानावर आलं, तर पोरगी नांदायला धाडणार नाय.” आणि हे चाचा नेमके त्याच्याच ओळखीचे. उद्या सहज बोलून जातील, की राही राहिली माहेरीच.

पण चाचांनी तोवर ट्रंक उचललीसुद्धा होती.

“चाचा, येतो, पण खाणार काही नाही,” चाचांच्या पडवीत पाय धुताना विठू म्हणाला. “आज माझी संकष्टी. चंद्र उगवल्याशिवाय पाणीदेखील घेत नाही मी.”

थाप अगदी आयती जिभेवर आली. चाळीत चंद्रोदय कॅलेंडरावर वाचायचा आणि ताट वाढून घ्यायचं, एवढीच त्याची संकष्टी.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आत मैमुनाचाचीकडे. “मंग जेवण चंद्र उगवल्यावर. आम्ही पण थांबतो.”

अजान झाली. चाचांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, नमाज पढून आले आणि विठूला बाजार दाखवायला घेऊन निघाले.

काय बाजार तो! गल्लीभर ताडपत्र्या ताणलेल्या, खाली बत्त्यांचा लखलखाट. मघाशी गप्प बसलेली माणसं आता एकमेकांच्या तोंडात समोसे कोंबत होती. एकाने विठूच्या कानात अत्तराचा फाया खोवला. कासाराकडे त्याने राहीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या, तर चाचांनी वर दोन फुकट काढल्या. वर्षभरात विठू इतका हसला नव्हता. फक्त तव्यावरची कलेजी चरचरली की त्याला रडू यायचं.

“चाचा, या, घ्या गरमागरम!” जो तो हाक मारी.

“आज नाय. मेहमानाचा उपास हाय,” चाचा म्हणत आणि पुढे चालू लागत.

घरी आले तर जेवणाचा दस्तरखान अंथरून चाची झाकल्या भांड्यांपाशी बसलेली. दिवसभराच्या रोज्यावर नुसतं खजूर-पाणी. आणि चुलीवर वेगळ्या, घासून लख्ख केलेल्या पातेल्यात वरणभात.

“तुमच्यासाठी. माशाचा हात नाय लागला त्याला,” ती म्हणाली.

विठूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या घरचं पाणी त्याने टाळलं, ती माणसं त्याच्यासाठी अडून बसली होती. सासरा खवळला तर खवळू दे. पाय धरीन त्याचे, राहीला उचलून नेईन, पण या दोघांना आता उपाशी ठेवणार नाही.

तो ताडकन उठला, दारात गेला आणि समोरच्या काळ्या कौलांकडे बोट करून ओरडला, “उगवला! चाचा, चंद्र उगवला! वाढा!”

“वा!” चाचा म्हणाले. “बस बाबा.”

मैमुनाचाचीने वरणभाताचं पातेलं बाजूला सारलं आणि सुरमईचं कालवण सरळ त्याच्या ताटात वाढलं.

“अहो चाची, आज संकष्टी...”

“चांद दुपारपासून आभाळात हाय, जावईबापू,” चाची आणखी एक तुकडा वाढत म्हणाली. “तुमचे सासरे दर रमजानात इथंच संकष्टी सोडतात. त्यांचा तर अजानीबरोबरच उगवतो.”