दाढी नको

“उद्या दाढी नको,” असं कुंदानं नवऱ्याला बजावलं होतं. एरवी महिनोन्महिने तो रेझरला हात लावत नसे. अंघोळीसाठीही ती त्याच्या हातापाया पडे. पण आज सरकारी दवाखान्यात तपासणी होती. मनाचा आजार तोंडावर दिसायला हवा होता. दाखला मिळाला तरच पेन्शन चालू राहणार होती. त्याला एकटं सोडवेना म्हणून तिनं खानावळीतलं पोळ्या लाटायचं काम केव्हाच सोडलं होतं.

गॅस बंद करून ती वळली, तर तो मोरीतून बाहेर येत होता. गाल गुळगुळीत, भांग पाडलेला, हनुवटीवर रक्ताचा ठिपका.

“मोठ्या डॉक्टरांसमोर जायचंय ना,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी एकवार पाहिलं. “चांगले दिसतायत की हे. कामाला पाठवा आता.” दाखला मिळाला नाही.

बसस्टॉपच्या बाकावर ती मटकन बसली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“माझं चुकलं का गं?”

तिनं पदराचं टोक ओलं करून त्याच्या हनुवटीवरचा वाळलेला ठिपका पुसला.

“नाही,” ती म्हणाली. “उद्या पण कराल?”