निळ्या दाराचा उन्हाळा

"निळं," आजी म्हणाली.

"हां, निळं!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "त्या धुलाईखात्याचं दार निळं होतं. बघा, माझ्यापेक्षा हिलाच जास्त पाठ आहे."

मुलगा हसला, नात हसली. आजी दोरीवरची चादर काढायला गॅलरीत गेली.

रविवारी दुपारचा चहा झाला की आजोबांचा परदेशातला उन्हाळा सुरू व्हायचा. कॉलेजच्या शेवटच्या सुट्टीत मोठ्या हॉटेलात दोन महिने चादरी धुतल्या, मग पाठीवर पिशवी टाकून पंधरा दिवस तो देश पालथा घातला. स्टेशनच्या बाकावर झोप काढली, रस्त्याकडेच्या झाडांची फळं खाल्ली, सरोवरात पोहले. ते पोहणं आजीच्या गळी कधीच उतरलं नव्हतं. एवढ्या थंड पाण्यात पाय बुडवले तरी दात वाजायला लागतात, पोहतंय कोण?

पण ती बोलायची नाही. लग्नाआधी सासूबाईंनी बजावलं होतं, की मागचं सगळं मागे टाकून यायचं, या घरात सुनेने फार बोलायचं नाही. आजीने शब्द दिला होता. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, तरी तो शब्द तिच्या तोंडाला कुलूप लावून बसला होता.

सुरुवातीला गोष्ट लहानशीच होती. पाहुण्यांसमोर आजोबा "आम्ही" म्हणून सांगायचे. पुढे केव्हातरी "मी" आला, आणि मग दर वर्षी डोंगर थोडे उंच होत गेले. आजीने चव्वेचाळीस वर्षं ती गोष्ट स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकली. कधीकधी तिला इतकं गुदमरायला व्हायचं, की ती उगीचच नळ सोडून ठेवायची.

गॅलरीत तिने चादरीची कड हनुवटीखाली धरली, हात लांबवले, आणि एकटीनेच झपझप चार घड्या घातल्या. कोपऱ्याला कोपरा, सुरकुती नाही. नात दारातून बघत होती.

"आजी, कसं जमतं गं तुला? मला तर दोन माणसं लागतात."

"सवय लागते," आजी म्हणाली. मनगटावरचा भाजल्याचा जुना चट्टा घामाने चमकत होता. घरात सगळ्यांना तो तव्याचाच वाटायचा.

आत आजोबा रंगात आले होते. "चादरी वाळवायचा तो तापलेला रूळ म्हणजे खायचं काम नव्हे. जरा लक्ष चुकलं की हात भाजलाच म्हणून समजा."

"आजोबा, म्हणून तर मी त्याच हॉटेलला अर्ज केला होता," नात आत येत म्हणाली. "आणि त्यांनी घेतलंय मला! उन्हाळ्याचे दोन महिने. उद्यापर्यंत होकार कळवायचाय."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. या घरात होकार कुणाचा लागतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"नाही," आजोबा म्हणाले.

"पण तुम्ही गेला होतात ना?"

"माझी गोष्ट वेगळी. मुलीच्या जातीने परक्या देशात, एकटीने? लोक काय म्हणतील?"

आजीच्या हातातली घडी विस्कटली. हेच शब्द, हाच सूर. तिने ते एकदा ऐकले होते, आणि मान खाली घातली होती.

नातीचे डोळे भरून आले, पण पोरगी हट्टी. "थांबा. मी त्यांना लिहिलं होतं, माझे आजोबा तुमच्याकडे कामाला होते म्हणून. सालही कळवलं. हॉटेलला शंभर वर्षं झालीत, त्यांनी जुने फोटो शोधून काढलेत. त्यातला एक सकाळीच पाठवलाय. हे बघा, त्या उन्हाळ्यातलं धुलाईखातं."

तिने फोन टेबलावर ठेवला. मुलगा वाकला. आजोबांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी आजीकडे पाहिलं. दार कुठल्या रंगाचं हे आठवेना की ते असेच बघायचे.

या वेळी आजीने काही सुचवलं नाही.

"यात सगळ्या मुलीच दिसताहेत," मुलगा म्हणाला. "बाबा, तुम्ही कुठे?"

"मी कसा असेन?" आजोबांनी घसा खाकरला. "फोटो मीच काढत होतो."

मुलाला ते पटलं. तो हसलासुद्धा. नातीने फोन उचलला आणि बाहीने डोळे पुसले. उद्या ती नकार कळवेल, मग आणखी एखाद्या घरात मान खाली घालून जाईल, आणि दारात उभी राहून कुणाच्या तरी गोष्टी ऐकेल. आजीला ते लख्ख दिसलं.

"जाऊ द्या तिला," आजी म्हणाली.

आजोबा चमकले. "तू मधे पडू नकोस. तुला काय कळतंय तिथलं? कधी घराचा उंबरा ओलांडलायस?"

आजीने घडी घातलेली चादर खुर्चीवर ठेवली, नातीजवळ गेली आणि फोनसाठी हात पुढे केला.

"जरा मोठं कर गं."

नातीने फोटो मोठा केला. निळ्या दारापुढे तीन रांगा होत्या. आजीने एकेक चेहरा नीट पाहिला आणि मधल्या रांगेत, मनगटाला पट्टी बांधलेल्या एका हसऱ्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही," ती म्हणाली. "तेव्हा मला चष्मा नव्हता."